शिष्यवृत्त्या, शुल्कमाफी, वसतिगृहे असूनही गरीब घरातील मुले शिक्षण अर्धवट का सोडतात?

आपल्या ओळखीच्या शेतमजुराच्या मुलाने अभियांत्रिकीचे पहिले वर्ष मध्येच सोडले, शासन एवढे देत असताना असे का व्हावे, मुळात जिद्दच कमी पडते का, आणि त्याला परत कसे आणावे, असे आपण विचारले आहे. यातील जिद्दीचा मुद्दा मला फार झोंबतो, कारण तो मी घरातच वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. त्यामुळे त्याचे उत्तर आधी देते.

शासन देते, हे खरे आहे. परंतु ते आधी भरा, मग मागा, मग वाट पाहा, या क्रमाने देते. ज्या घरात आठवड्याच्या बाजाराचे पैसेसुद्धा हातउसने आणावे लागतात, त्या घराने आधी शुल्क भरायचे आणि शासनाने ते सवडीने परत करायचे, याचा अर्थ गरीब माणूस शासनाला बिनव्याजी कर्ज देतो, असाच होतो. ते कर्ज तो स्वतः मात्र व्याजाने उचलून आणतो. मुले शिक्षण सोडतात ती बहुधा या मधल्या काळात.

माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. बीड जिल्ह्यातील आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मी २०१८ मध्ये बारावी झाले आणि भटक्या जमातीच्या प्रवर्गातून एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. शिक्षण शुल्क शासन भरणार होते, फक्त महाडीबीटी या शासनाच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा होता. पोर्टल तेव्हा नवेच होते. प्रवेशाची गडबड संपून अर्ज भरण्याची वेळ आली, तोवर आईवडील कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात उसाच्या फडात पोहोचले होते.

आमच्या घरात एकच मोबाइल होता, त्यामुळे माझ्या आधार कार्डालाही वडिलांचाच क्रमांक जोडलेला होता. अर्जासाठी लागणारा ओटीपी साहजिकच त्यांच्याकडे जाई. त्यांचा फोन चार्ज व्हायचा तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा फाट्यावरच्या हॉटेलात. मी नेट कॅफेत बसून आधी त्यांना फोन करायचे आणि ते फडातून बांधावर येऊन थांबायचे. संदेश आला की फोन कापायचा, संदेश उघडायचा, आकडे लक्षात ठेवायचे आणि पुन्हा मला फोन लावायचा, एवढे सगळे त्यांनी काही मिनिटांत करायचे होते. वडिलांना अक्षरे वाचता येत नाहीत. आकडे मात्र कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या पावत्या पाहून पाहून पक्के झालेले आहेत. ते एकेक आकडा सावकाश, आपण काही चुकीचे सांगत नाही ना अशा धास्तीने सांगायचे आणि सहावा आकडा माझ्या कानावर पडेपर्यंत मुदत संपलेली असायची. शेवटी ज्या दिवशी ते काम झाले, त्या दिवशी अर्ज भरला गेला आणि पुढे महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगिनवरून 'त्रुटी' असा शेरा मारून परत आला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली होती. नव्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल आणि वडिलांचे स्वयंघोषणापत्र लागणार होते, आणि वडील तर तिकडे शिरोळला.

या सगळ्यात पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज आला. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसत नाही, तेव्हा निम्मे शुल्क भरा, शासनाकडून आले की परत देऊ, असे मला खिडकीवर सांगण्यात आले, आणि तोपर्यंत परीक्षेचा अर्ज घेतला जाणार नव्हता. आईने मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे, जादा उचल (मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम) मागितली. मुकादमाचे म्हणणे त्याच्या परीने चोख होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि आईवडिलांच्या त्या कोयत्यावर आधीच दिलेली उचल फिटलेली नसताना आणखी पैसे हवे असतील तर आणखी हात पाहिजेत, एवढेच तो म्हणाला.

ते हात माझ्या धाकट्या भावाचे होते. तो नववीत होता आणि गावी आजीजवळ राहून शाळेत जात होता. जानेवारीत तो अर्धा कोयता म्हणून फडात गेला. ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालवतात, पण त्यांचा भर लहान वर्गांवर असतो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. भाऊ पंधरा वर्षांचा होता, त्यामुळे तो वर्गात का दिसत नाही हे विचारायला घरी येण्याची सक्ती कोणावरही नव्हती आणि कोणी आलेही नाही. त्याची वार्षिक परीक्षा बुडाली. पुढच्या हंगामात तो दसऱ्यालाच टोळीबरोबर निघाला. माझी शिष्यवृत्ती यथावकाश जमा झाली, महाविद्यालयाने घेतलेले पैसे परत दिले आणि मुकादमाची ती उचलही फिटली. तोवर भावाचे सोबती दहावीला बसले होते.

आता जिद्दीविषयी. माझे चुलते जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. भावाविषयी त्यांचे मत असे की त्याला अभ्यासाची गोडीच नव्हती, गोडी असती तर तो कसाही शिकला असता, आम्ही नाही का शिकलो. हेच काका दुसऱ्या एखाद्या लग्नात, दुसऱ्या पाहुण्यांसमोर, मुलीच्या इंजिनिअरिंगपायी दादाने मुलाचे वाटोळे केले, असे म्हणतात. गोडी नव्हती म्हणून सुटले की माझ्यापायी सुटले, यातले एक काहीतरी त्यांनी ठरवावे, अशी माझी त्यांना अनेक वर्षांची विनंती आहे.

काका शिकले ते १९८० च्या सुमारास. अनुदानित अध्यापक विद्यालयात नाममात्र शुल्कात डी.एड. झाले आणि लगेच नोकरीला लागले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे राज्यात जागा भरपूर झाल्या, हे मान्यच आहे, कारण मलाही त्यांतलीच एक मिळाली. परंतु तेव्हापासून शिक्षणाचा खर्च आधी विद्यार्थ्याच्या नावावर पडतो आणि मग शासन तो फेडते किंवा फेडत नाही. काकांना कोणी ओटीपी मागितला नाही, त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली नाही आणि त्यांच्या परीक्षेचा अर्ज कोणी अडवला नाही. जिद्दीची तुलना करायची तर अडथळेही सारखे असायला हवेत.

जात पडताळणीचेच, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचे प्रमाणपत्र मिळवण्याचेच, पाहा. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या अर्जदाराला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५० आहे आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या पुराव्यांत सर्वांत वजनदार मानला जातो तो शाळेच्या नोंदवहीतील प्रवेश निर्गम उतारा. माझ्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते आणि काकांचा दाखला १९६१ नंतरचा असल्याने उपयोगाचा नव्हता. वडिलांच्या एका चुलत चुलत्याने शेजारच्या गावात दुसरीपर्यंत हजेरी लावली होती, त्या जुन्या नोंदवहीच्या पानावर माझा प्रवेश तरला. ज्या घराण्यात कोणी शाळेत गेले नाही, त्याला सवलत सर्वांत जास्त लागते, आणि नेमके त्याच घराण्याकडे शाळेचा जुना कागद मागितला जातो. कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद पर्याय म्हणून चालते, पण ती शोधायला तहसील कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हे घातलेल्यालाच ठाऊक. तेवढ्या दिवसांची मजुरी कोणत्याच योजनेत धरलेली नसते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांना हे जास्त नीट कळले होते, असे माझे स्पष्ट मत आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. मुलगा राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. आपण आज उलट करतो. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्ग या प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. हा निर्णय चांगला आहे. तरीही खोलीचे भाडे, मेस, अनामत आणि प्रवास हा खर्च शिल्लक राहतोच, आणि तो दरमहा रोखीत करावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणाचा भत्ता देणाऱ्या स्वाधारसारख्या योजना यासाठीच आहेत, पण त्यांचे पैसेही खर्च होऊन गेल्यावर हाती येतात. मेसवाला वर्षअखेरपर्यंत थांबत नाही. आमच्या खोलीवर चौघी होतो. महिनाअखेरीस दोन डबे चौघींत चालायचे, आणि त्या चौघींपैकी एकीने दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडले, तेव्हा तिचा एकही विषय राहिलेला (एटीकेटी) नव्हता. तिची जिद्द कुठे कमी पडली, हे काकांनी मला सांगावे.

आपण विचारलेल्या मुलाविषयी मला जेवढे सांगता येईल तेवढे सांगते. त्याचा अर्ज महाडीबीटीवर नेमका कोणाच्या लॉगिनला पडून आहे, हे आधी पाहा. पुष्कळदा तो महाविद्यालयातच अडकलेला असतो आणि मुलाला वाटते की शासनाने नाकारला. मंजूर झाला असेल, तर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ते खाते त्याला माहीत असलेलेच असेल असे नाही, कारण कधीतरी सिमकार्ड घेताना उघडलेल्या भलत्याच खात्याशीही आधार जोडला गेलेला असतो. आधारला त्याचा स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडून घ्या, हे काम सर्वांत आधी करा. शिष्यवृत्तीत येणारे शुल्क पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, अशा सूचना शासन वेळोवेळी काढते. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, असे यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) आणि एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) या दोघांनीही महाविद्यालयांना बजावलेले आहे. हे तोंडी सांगून कोणी ऐकत नाही. लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. एकट्या मुलाला खिडकीवर पाठवू नका, आपण स्वतः बरोबर जा, कारण त्या खिडकीवर विद्यार्थ्याशी आणि प्रौढ माणसाशी बोलण्याची भाषा वेगळी असते. आणि त्याला धाकटी भावंडे असतील, तर ती सध्या कितवीत आहेत आणि शाळेत जातात का, हे आवर्जून विचारा. उत्तर द्यायला त्याने वेळ लावला, तर त्याने शिक्षण का सोडले ते आपल्याला तिथेच कळेल.

त्याला समजावायला घरातील एखादा यशस्वी नातेवाईक मात्र नेऊ नका. आमच्याकडे काकांना नेले होते. त्यांनी भावाला तासभर स्वतःची गोष्ट सांगितली आणि उठताना दहावीची जुनी पुस्तके पाठवून देतो म्हणाले. मुकादमाचे किती देणे आहे, हे त्या तासाभरात त्यांनी एकदाही विचारले नाही.

काही गोष्टी न्याय म्हणून सांगायला हव्यात. शिष्यवृत्तीत खोटे विद्यार्थी दाखवून पैसे लाटल्याची प्रकरणे राज्यात झाली आहेत, त्यामुळे पडताळणीच नको असे मी म्हणत नाही. ती विद्यार्थ्याचे वर्ष सुरू असताना त्याच्या मानगुटीवर बसू नये, एवढेच म्हणते. सगळी महाविद्यालये सारखी नसतात. माझ्याच महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेने दुसऱ्या वर्षी माझ्या परीक्षेच्या अर्जासाठी स्वतः हमी दिली होती. काही मुलांना खरोखरच तो अभ्यासक्रम नको असतो, आणि तसे असेल तर आयटीआय किंवा मुक्त विद्यापीठ हा हलका पर्याय मानण्याचे कारण नाही. आणि पहिल्या वर्षी माझ्या मेसचे सुरुवातीचे पैसे काकांनीच दिले होते, ते त्यांनी कधी परत मागितले नाहीत, हेही इथे नोंदवते. त्यांच्या मतात मात्र त्याने काही फरक पडत नाही, आणि माझ्याही.

भावाने गेल्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. दहावीला बाहेरून बसण्यासाठी तो लागतो आणि त्याच्या नोंदणीची मुदत परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, हे आपल्या ओळखीत कोणी शाळा सोडलेले असेल तर ध्यानात ठेवावे. त्या मुलाच्या अर्जावर कोणता शेरा दिसतो आहे, ते आपण कळवलेत, तर पुढे कोणत्या कार्यालयात जायचे ते सांगते.