व्हरमाँटची पहिली बिअर-सहल

पहिल्याच बिअर-सहलीला अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य निवडलंत, उत्तम! ब्रुअरींची (बिअर बनवणाऱ्या ठिकाणांची) लांबलचक यादी केली असेल तर ती मात्र निम्मी करा. दिवसाला दोन ब्रुअरी पुरेत: एक दिवस स्टोची अल्केमिस्ट आणि ग्रीन्सबरो बेंडची हिल फार्मस्टेड, दुसऱ्या दिवशी निवांत वेट्सफील्डची लॉसन्स. हिल फार्मस्टेड अगदी आडगावात आहे, मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. नकाशा आधीच डाउनलोड करा आणि उघडण्याचे वार-वेळा आदल्या दिवशी पुन्हा बघा.

गाडी कोण चालवणार हे घरीच ठरवा. अल्केमिस्टची हेडी टॉपर बिअर ८ टक्के अल्कोहोलची आहे. घोटभर-घोटभर म्हणता दोन ग्लास होतात. चालवणाऱ्याने अजिबात घ्यायची नाही, त्याचा वाटा घरी न्यायचा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- डबे तापलेल्या डिकीत टाकतात. उष्णतेने आयपीएचा (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची बिअर) हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, ताजा वास आधी जातो, आणि तोच तर खरा माल! कूलर घरून न्या, बर्फ वाटेत घ्या.
- खोकीच्या खोकी उचलतात. आयपीए महिन्याभरात संपेल एवढीच घ्या, डब्यावरची तारीख बघून. दमदार स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) मात्र टिकते.

भारतात नेणार असाल तर शुल्काशिवाय माणशी २ लिटर, व्हिस्की-वाइन सगळं धरून. म्हणजे ४७३ मिलीचे चारच डबे. चेक-इन बॅगेत, प्रत्येक डबा घट्ट बांधलेल्या पिशवीत, भोवती जाड कपडे.

ग्रोलर (ब्रुअरीत भरून मिळणारी मोठी बाटली) आणि बाटल्या मुरवत ठेवणं पुढच्या सहलीला बघू.