कचऱ्याची वीट: फायदा की नुसता दिखावा?

प्रश्न: घर बांधायला काढलंय. कोणी म्हणतं राखेच्या विटा घ्या, कोणी पाडकामाची खडी सुचवतं, आता तर प्लास्टिकचे पेव्हर ब्लॉक पण निघालेत. हे सगळं खरंच पर्यावरणाला चांगलं का? आणि राखेत विषारी धातू असतात म्हणे, त्याचं काय?

उत्तर: तिन्हींना एकाच मापाने मोजू नका. त्या कचऱ्यामुळे नेमकं काय वाचतंय ते बघा. सिमेंट वाचत असेल तर फायदा मोठा, कारण सिमेंटसाठी भट्टी साधारण १४५० डिग्रीपर्यंत तापवतात आणि त्यात जळणाचा धूर तर आहेच, पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतूनच निघतो, म्हणजे इंधन कितीही स्वच्छ वापरा, तो निघणारच. त्या जागी कोळशाची राख किंवा दळलेली स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतून निघणारी मळी) गेली की बचत खरी. राखेची वीट भाजावी पण लागत नाही आणि शेतातली मातीही वाचते.

धातूंचं म्हणाल तर आर्सेनिक, क्रोमियम, शिसं राखेत असतं, खोटं नाही. पण चुना-सिमेंटमध्ये घट्ट झालं की त्यातलं बरंचसं अडकून बसतं. खरी भीती मोकळ्या राखेची, म्हणजे खड्डे बुजवायला किंवा भरावाला टाकली आणि पावसाचं पाणी त्यातून झिरपत राहिलं तर. विक्रेत्याकडे लीचिंग टेस्टचा, म्हणजे पाण्यात किती धातू सुटतात त्या तपासणीचा, रिपोर्ट मागाच.

पाडकामाच्या खडीचं जरा वेगळं आहे. एक तुकडा हातात घेऊन बघा, दगडाला जुन्या सिमेंटची करडी खपली चिकटलेली असते, ती पाणी पिते, माल लगेच कोरडा पडतो, मग मिस्त्री वरून पाणी मारतो आणि ताकद गेली म्हणून सिमेंट वाढवतो, झालं, वाचवलेलं सगळं तिथेच गेलं! त्यामुळे खडी आधी भिजवून घ्या, पायाखालच्या पीसीसीला, म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटच्या थराला वापरा आणि जवळून आणा, लांबून ट्रकने आणली तर डिझेलच खाऊन टाकतं.

प्लास्टिकचे ब्लॉक मी तरी घेणार नाही. उन्हाने आणि टायरने झिजून बारीक कण मातीत जातात, आग लागली तर धूर विषारी, आणि उद्या उखडले तर वाळू-प्लास्टिक वेगळं करणार कोण?

प्रश्न: त्या खडीत जुन्या सिमेंट पत्र्यांचे तुकडे दिसले तर?

उत्तर: अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणजे ज्याचे बारीक तंतू श्वासातून गेले की फुप्फुसाला घातक ठरतात ते खनिज. फोडू नका, झाडू नका, गाडी उतरवूच देऊ नका.