सांगलीत लेसरवर कोरलेलं पारदर्शक ॲक्रिलिक पांढरं का दिसत नाही, आणि कडांना तडे का जातात?

तुमचं मशीन ४० वॉटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचं) लेसर, माल ३ मिमी पारदर्शक ॲक्रिलिक, काम नावाच्या पाट्यांचं. या दोन्ही अडचणींसाठी तुम्ही सेटिंग विचारलंय, पण मी आधी शीट तपासायला सांगेन.

ॲक्रिलिक कास्ट (साच्यात ओतून केलेलं) आणि एक्सट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं) अशा दोन प्रकारांत मिळतं. कास्ट कोरलं की दुधी पांढरं उमटतं. एक्सट्रुडेड वितळतं, खाच पारदर्शकच राहते आणि काठावर गोळे धरतात. त्यावर पॉवर वाढवून काहीही साधत नाही. दुकानात 'कास्ट'च मागा आणि घेण्याआधी तुकड्यावर १ सेंमीचा चौकोन कोरून बघा. वरच्या कागदावरून किंवा फिल्मवरून ओळखायला जाल तर फसाल.

कोरायला २५० मिमी प्रति सेकंद, १५ ते २० टक्के पॉवर आणि ०.१ मिमी ओळ-अंतर इथून सुरुवात करा. पॉवर जास्त झाली की पांढरेपणा उलट कमी होतो. कापायला ८ मिमी प्रति सेकंद, ६० टक्के. कापताना शीट बेडपासून ५-१० मिमी उचललेली ठेवा, नाहीतर जाळीवरून परतलेला किरण खालून डाग पाडतो. हवेचा झोत सौम्य असेल तर कड काचेसारखी निघते, जोराचा असेल तर धुरकट. मात्र ज्वाळ धरायला लागली तर चकाकी विसरा आणि हवा वाढवा. ॲक्रिलिक पेटतं, त्यामुळे काम चालू असताना मशीनपासून हलायचं नाही.

तडे जातात ते पुसण्याच्या द्रवामुळे. लेसरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो. त्यावर स्पिरिट, थिनर किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लागला की बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. क्लोरोफॉर्मने चिकटवायचं असेल तर कापलेले तुकडे आधी ८० अंशांवर दोन-तीन तास तापवून ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ द्या.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट येतं. लेसर ट्यूब थंड ठेवणारं पाणी २५ अंशांच्या वर गेलं की पॉवर घसरते आणि कालचं सेटिंग आज कापत नाही. डिस्टिल्ड वॉटरच वापरा, त्या पाण्याच्या बादलीत बर्फाच्या बंद बाटल्या सोडा.

देवनागरीची एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फॉन्ट कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषांत, बदलला की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. तसंच कोरलं तर जोडाजोडावर कोऱ्या चौकटी राहतात. तसंच कापलं तर 'पाटील'ची अक्षरं सुटी होऊन पडतात. आधी सगळा शब्द वेल्ड करा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं जोडून एकच आकार करा. अनुस्वाराचा ठिपका मात्र वेल्ड करूनही सुटाच राहतो, म्हणून कापीव अक्षरांना मागे दुसरी शीट द्या आणि तिच्यावर ठिपक्याची जागा हलकी कोरून ठेवा.