सोलापूरच्या विणकरांवर लिहायचंय? आधी मागाजवळ बस

पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजाचा इतिहास लिहायला घेतलास, फार बरं वाटलं. पण सुरुवात वंशावळीपासून करू नकोस. मार्कंडेय ऋषी आणि त्यांचे पुत्र भावनाऋषी यांची कथा घरोघरी ऐकायला मिळेल. ती श्रद्धा म्हणून टिपून ठेव, पुरावा म्हणून नको.

आधी शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जा. एखाद्या हातमागाशेजारी नुसता बस. आडवा धागा नेणारा धोटा कसा धावतो, तुटलेला धागा बोटांच्या चिमटीत पिळून कसा जोडतात, ते बघ. अन् धोट्यातल्या सुताच्या कांड्या कोण भरतं, हे विचारायला विसरू नकोस. घरातल्या बायका! माग पुरुषाच्या नावावर, म्हणून त्यांचे कष्ट कागदोपत्री सहसा दिसतच नाहीत. पुढे यातल्या कितीतरी जणी विड्या वळायला लागल्या, तेही याच इतिहासात यायला हवं.

सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली १८७७ मध्ये. तेलुगू मुलखातून माणसं इथे आली ती कामाच्या शोधात. म्हणून थोडं तेलुगू शीक. एखादी आजी मराठीत दोन वाक्यांत आटोपते ती गोष्ट तेलुगूत तासभर रंगते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, तेव्हा मात्र वही घरी ठेवून जा.