गोष्ट, कथानक आणि शेजारचा हंदर

निपाणीहून एका शिक्षिकांनी विचारलंय : "'कथेचे कथानक लिहा' असा प्रश्न आला की मुलं अख्खी गोष्टच उतरवून काढतात. शाळेतल्या कन्नडच्या बाई त्याला कथावस्तू म्हणतात. कथा, कथानक, कथावस्तू हे सगळं एकच का?"

एकच नाही, बाई. पण मुलांचा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण संस्कृतात 'कथानक' म्हणजे छोटी कथाच. तोच शब्द प्राकृतात 'कहाणिआ' असा झिजला आणि मराठीत कहाणी होऊन आला. श्रावणात "आटपाट नगर होतं" म्हणून ऐकलेली कहाणी आणि पेपरातलं कथानक ही एकाच घरची भावंडं. एक आजीच्या तोंडून आलं, दुसरं पोथीतून जसंच्या तसं उचललं, आणि समीक्षेनं त्याला नवं काम लावून दिलं : घटनांची जुळणी.

जुळणी म्हणजे काय, ते बघू. खानापूरकडचं एक घर. मुलाची नोकरी गेली, मग आईनं म्हैस विकली, मग मुलाला पुन्हा काम लागलं, मग त्यानं म्हैस परत आणली. ही नुसती घटनांची ओळ. आता हेच असं सांगा : मुलगा दावं धरून म्हैस अंगणात आणतो आणि गोठ्यात बघतो, तर खुंटाच नाही. आईनं तो चुलीत घातलेला. का घातला, हे आपल्याला मागाहून कळतं. घटना त्याच आहेत. पण आधी काय सांगायचं, काय झाकून ठेवायचं, कशामुळे काय झालं, हे ठरलं की कथानक उभं राहतं. मुलांना एवढंच सांगा, 'मग'च्या जागी 'म्हणून' घालता येईल अशी पाच-सहा वाक्यं लिहा. निम्मं काम होतं.

कन्नडच्या बाईही चुकत नाहीत. १०व्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या नाटकावरच्या संस्कृत ग्रंथात नाटकाचे प्रकार ओळखायचे ते वस्तू, नेता म्हणजे नायक, आणि रस यांवरून. तिथली वस्तू म्हणजे कथानकच : मुख्य धागा तो आधिकारिक, त्याला जोडून येणारा तो प्रासंगिक. मी स्वतः मराठीत कथावस्तू हा शब्द कच्च्या मालासाठी राखून ठेवतो. आईची पुन्हा म्हैस बांधायची गेलेली उमेद ही वस्तू. खुंटा कधी दाखवायचा, ते कथानक. पुष्कळ मराठी पुस्तकांत मात्र दोन्ही शब्द एकाच अर्थानं येतात, तेव्हा यावरून मुलांचे गुण कापू नयेत.

मला कन्नडातला खरा हवासा वाटतो तो शब्द 'कथाहंदर'. सिनेमाच्या परीक्षणांत तो नेहमी भेटतो. हंदर म्हणजे मांडव, लग्नाचाही आणि वेलाचाही. आपल्या मांडवालाही नेमके हेच दोन अर्थ. दोडक्याचा वेल चढला की खालच्या काठ्या दिसेनाशा होतात, पण काठ्या काढा, वेल भुईवर येतो. 'कथेचा सांगाडा' म्हणण्यापेक्षा 'गोष्टीचा मांडव' म्हणा. परसात दोडका असलेल्या पोराला लगेच कळेल.

राहिला 'गोष्ट' हा शब्द. कन्नड पेपरात 'पत्रिकागोष्ठी' म्हणजे पत्रकार परिषद, 'कविगोष्ठी' म्हणजे कवींची बैठक. संस्कृतात गोष्ठी म्हणजे जमलेली मंडळी आणि त्यांचं बोलणं. कन्नडनं बैठक ठेवून घेतली, आपण बैठकीत सांगितलेलं ठेवून घेतलं. म्हणून गोष्टीत ऐकणारा धरलेलाच असतो. बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत कथाकथन ऐकताना हे दिसतं : सांगणारा कथानक पाठ करून आलेला असतो, पण पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्याला लावला की तो तिथंच थांबतो आणि तो प्रसंग आणखी चार वाक्यं लांबवतो.