जीआरईच्या गुणांवरून पीएचडीतील यशाचे भाकीत करता येते का?

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गणित विभागात १७० पैकी १५८ गुण मिळाले असताना अमेरिकेत जैववैद्यकीय विषयातील पीएचडी तडीस नेता येईल का, असे आपण विचारले आहे. तिथल्या एका विभागाच्या प्रवेश समितीवर मी काम केले आहे. माझ्या मते हा आकडा पहिल्या वर्षाविषयी थोडेफार सांगतो, त्यापुढचे फारसे नाही.

मानसशास्त्रज्ञ नेथन कुन्सेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ८२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील जुन्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा जीआरईचे गुण आणि पदव्युत्तर श्रेणी यांचा संबंध स्पष्ट दिसला. पदवी पूर्ण होण्याशी असलेला संबंध मात्र त्यातही कमकुवतच निघाला. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील ६८३ जैववैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सत्रातील श्रेणीचा बऱ्यापैकी अंदाज जीआरईवरून येत होता, पण पीएचडी कोण पूर्ण करील, त्यास किती काळ लागेल आणि किती शोधनिबंध प्रसिद्ध होतील, याचा येत नव्हता.

यात एक मेख आहे. अशा अभ्यासांत प्रवेश मिळालेलेच विद्यार्थी असतात. कमी गुणांचे बरेचसे अर्ज आधीच बाजूला पडलेले असल्यामुळे उरलेल्यांच्या गुणांतील तफावत आक्रसते आणि असलेला संबंधही पुसट दिसतो. म्हणून जीआरई सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही.

२०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांशी संबंध आढळला तो शिफारस करणाऱ्यांनी केलेल्या मूल्यमापनाचा. जीआरईचा नाही, मुलाखतीचाही नाही. मला त्याचे नवल वाटले नाही. ‘हुशार, मेहनती, वर्गात पहिली’ एवढ्यावर थांबणारे शिफारसपत्र समितीच्या काही कामाचे नसते. (आपल्याकडची पुष्कळ पत्रे अशीच असतात, काही तर विद्यार्थ्याने स्वतःच लिहून सरांपुढे सहीला ठेवलेली असतात, आणि ते ओळखू येते.) याउलट, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी वारंवार मरत असताना विद्यार्थिनीने इनक्युबेटरमधील कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी चाळून दोष कसा शोधला, हे सांगणारे पत्र वाचले की प्रयोग फसल्यावर ही काय करील, ते कळते, आणि पीएचडीची बरीचशी वर्षे फसलेल्या प्रयोगांतच जातात.

तेव्हा परीक्षा पुन्हा देण्यात महिने घालवण्याऐवजी, ज्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम केले असेल त्यांच्याकडून सविस्तर पत्र मिळवावे. अनेक जैववैद्यकीय विभागांनी जीआरईची अटच काढून टाकली आहे, त्यामुळे अर्जापूर्वी त्या त्या विभागाचा चालू नियम पाहून घ्यावा.