शिलाई मशीन सारखं टाका गाळतंय, तीनदा टायमिंग करूनही तेच. दुरुस्त करू की नवीन घेऊ?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: काळं पायडल मशीन, वीसेक वर्षांचं. पातळ कापडावर टाका गाळतं, जीन्सच्या जोडावर सुई मोडतं, अधूनमधून खाली दोऱ्याचा गोळा करतं. मेकॅनिकने वर्षभरात तीनदा टायमिंग केलं (म्हणजे सुई आणि खालचं शटल यांचा मेळ जुळवला), दरवेळी आठ-पंधरा दिवस बरं चाललं आणि परत ये रे माझ्या मागल्या. ब्लाउज, फॉल-पिको आणि घरच्यांच्या पँटी दुमडणं एवढं काम आहे, तर ऑटोमॅटिक घ्यावं का?

माझं मत आधी सांगतो. "तीनदा टायमिंग" हाच तुमच्या प्रश्नातला खरा धागा आहे. काळ्या मशीनचं टायमिंग आपोआप जात नाही. वरच्या मुख्य शाफ्टपासून सुईचा दांडा आणि खालचं शटल (सुईने खाली नेलेला दोरा टोकाने पकडणारा भाग), दोन्ही लोखंडी दांड्यांनी जोडलेले असतात. मध्ये ना रबरी पट्टा, ना प्लास्टिकचं गिअर. म्हणजे टायमिंग हलतंय याचा अर्थ एखादा स्क्रू सुटतोय किंवा एखादा भाग झिजून खेळतोय. मेकॅनिक टायमिंग जुळवतो तेव्हा फक्त परिणाम सुधारतो, कारण तिथंच राहतं.

पण मशीन उघडण्याआधी सुई बदला. शिंप्याच्या खडूसारखी सुई ही संपणारी वस्तू आहे; एकूण सात-आठ तासांची शिलाई झाली की ती बदलायची, मोडायची वाट पाहायची नाही. जुनी सुई चपट्या बाजूने आरशावर ठेवा. सुई आणि तिचं प्रतिबिंब यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोकाकडे फट कमी-जास्त झाली तर सुई वाकलेली आहे. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एवढा बाकही टाका गाळायला पुरतो. शटलचं टोक सुईच्या अगदी जवळून जातं, तिथलं अंतर कागदाच्या जाडीएवढंच असतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत सगळ्या कापडाला १६ नंबरची सुई चालते. जॉर्जेट, शिफॉनला ११, रुबिया आणि पॉपलीनला १४, जाड सुती किंवा टेरिकॉटला १६, जीन्सला १८ लावा. लायक्रा-होजियरीला गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते. साध्या सुईने त्या कापडावर नवंकोरं मशीनही टाके गाळेल. सुई वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. तिच्या अंगावरची लांब खाच दोरा ज्या बाजूने आत जातो त्या बाजूला हवी. आणि पाकिटावरचा कोड वाचा. घरगुती सुईवर एचए×१ किंवा १५×१ असतं आणि तिचं बूड एका बाजूने चपटं असतं. डीबी×१ ही गोल बुडाची सुई कारखान्यातल्या मशीनची. दोन्ही एकाच बरणीतून विकणारे दुकानदार आहेत. त्यांची मापं वेगळी, त्यामुळे चुकीची सुई बसली की टायमिंग गेल्यासारखंच सगळं दिसतं.

आता खालचा गोळा. खाली गुंता झाला की सगळे बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते त्या डबीच्या) मागे लागतात, दोष मात्र जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो. प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली टाकलेला असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही. मग वरून ताण शून्य आणि सगळा सैल दोरा खाली जमा होतो. फूट वर करूनच ओवा. तरीही गोळा होत असेल तर चकत्यांमध्ये मळ किंवा दोऱ्याचा तुकडा अडकलाय का पाहा. मलमलीची पातळ पट्टी त्यांच्यातून दोन-तीनदा ओढली की तो निघतो. वरती लाल, बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून एक वीत शिवून पाहा. खालच्या बाजूला पांढरा दोरा सरळ रेघेसारखा पडून त्यावर लाल दोऱ्याचे फास दिसले तर वरचं टेन्शन ढिलं आहे, वरच्या बाजूला लाल दोरा तसा सरळ पडून पांढरा डोकावला तर घट्ट.

बॉबिन केसची परीक्षा सोपी आहे. भरलेली बॉबिन घालून केस दोऱ्याच्या टोकाला लटकवा. ती आपोआप घसरत खाली गेली तर ढिली. जागेवर राहून हलक्या झटक्याने इंचभर उतरली तर ठीक. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. बाजूचा बारीक स्क्रू एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरवा. त्याआधी केसवरच्या पातळ पट्टीखाली पोस्टकार्डाचा कोपरा फिरवून घ्या. तिथं बसलेला केरच पुष्कळदा टेन्शन बिघडवतो.

तेलाबद्दल एकच विचारतो: घरात कोणी खोबरेल घातलंय का? महाराष्ट्रातल्या कितीतरी मशीनचा घात त्यानेच झालाय. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं आणि वर्षभरात चिकट गोंद होऊन बसतं. मग थंडीत पायडल जड लागतं. उपाय असा: दोरा काढून टाका, तेलाच्या सगळ्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, पाच-दहा मिनिटं मोकळं चालवा, काळं पाणी फडक्याने टिपा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी मशीनचं पांढरं तेल एका भोकात दोन थेंब या हिशेबाने घाला. शटलच्या रिंगमध्ये एक थेंब पुरतो. हे करताना जवळ शेगडी-दिवा नको.

एवढं करूनही टाका गाळला तर झीज तपासायची. सुई सगळ्यात वर आणा, सुईचा दांडा चिमटीत धरून पुढे-मागे हलवा. बारीकसा खेळ चालतो, पण टकटक ऐकू आली तर बुश (दांडा ज्यातून सरकतो त्या नळ्या) गेले. मग निडल प्लेटचे (सुईखालच्या पत्र्याचे) दोन स्क्रू काढा, मोबाईलची बॅटरी लावा आणि चाक स्वतःकडे हळूहळू फिरवा. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर येते तेव्हा शटलचं टोक सुईच्या मागे, नाकाच्या किंचित वर पोहोचलं पाहिजे. हीच घटका दहा वेळा पाहा. दहाही वेळा टोक तिथंच आलं तर टायमिंग स्थिर आहे. कधी सुईला घासून, कधी फटीतून लांबून जात असेल तर शटल आणि ते ज्या रिंगमध्ये फिरतं ती रिंग झिजली आहे. तुमच्या लक्षणांवरून मला हाच संशय आहे. टायमिंग केल्यावर ताजं तेल आणि घट्ट स्क्रूंमुळे आठवडाभर बरं वाटतं, मग खेळ पुन्हा सुरू. शटलच्या टोकावरून नखही फिरवा. ते अडकलं तर टोकाला खाच पडली आहे आणि दोरा तिथंच कापला जातोय.

दुसरा संशयित सुईच्या दांड्याचा क्लॅम्प-स्क्रू, म्हणजे दांडा जागेवर धरून ठेवणारा स्क्रू. जाड जोडावर सुई आपटली की दांडा केसभर वर सरकतो आणि मेकॅनिकच्या भाषेत "टायमिंग गेलं". तुमची जीन्सवरची तक्रार आणि पातळ कापडावरची तक्रार या एकाच साखळीच्या दोन कड्या असू शकतात. मेकॅनिकला टायमिंग कर म्हणू नका. "शटल आणि रिंग बदल, दांड्याचा स्क्रू नवीन घाल, मग टायमिंग कर" असं सांगा. बहुतेक काळी मशीनं सिंगरच्या १५ क्लासच्या नमुन्यावर बनतात, म्हणून उषा असो, सिंगर असो की लुधियानाचं कुठलंही, हे भाग मिळतात आणि बहुधा एकमेकांना बसतात. काढलेलं शटल परत मागून घ्या, म्हणजे खरंच बदललं की नाही ते कळेल.

जीन्सच्या जोडावर सुई मोडते त्यात थोडा हात आपलाही असतो. जोडावर चढताना फूट पुढून उचलला जातो, कापड पुढे सरकत नाही, म्हणून आपण मागून ओढतो, सुई वाकते आणि प्लेटवर आपटते. जोड आधी हातोडीने ठोकून चपटा करा, फूटच्या मागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा म्हणजे फूट सपाट राहील, आणि ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घाला. नवीन मशीनवरही हेच करावं लागणार आहे.

मग नवीन कधी घ्यायचं? मुख्य शाफ्टच घळघळीत झाला असेल, किंवा दुरुस्तीचा आकडा तशाच नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला, तर खर्च करू नका. तुमच्या बाबतीत मात्र नवीन घ्यायचं खरं कारण वेगळं आहे: काळं मशीन फक्त सरळ शिवतं आणि तुम्हाला पिको हवाय. पिकोला झिगझॅग लागतो.

घरगुती ऑटोमॅटिक घेताना खोक्यावरचा टाक्यांचा आकडा विसरा. सरळ, झिगझॅग, तीन पायऱ्यांचा झिगझॅग आणि काजं, हे चारच वापरले जातात. बाकीची फुलंपानं पहिल्या आठवड्यात करून होतात. त्यापेक्षा टाक्याची लांबी आणि रुंदी वेगवेगळी बदलणारी दोन बटणं आहेत का ते बघा. अगदी स्वस्त मॉडेलमध्ये एकाच बटणावर ठरावीक जोड्या असतात, त्यात पिकोला हवा तसा दाट बारीक टाका जमत नाही. कापड पुढे सरकवणारे दाते खाली जाण्याची सोय आणि बाहीसाठी पुढचा मोकळा हात असावा. फूटचा दाब कमी-जास्त करता आला तर शिफॉनवर फार उपयोगी. बॉबिन त्याच कंपनीची घ्या. कित्येक मॉडेलना ११.५ मिमी उंचीची लागते आणि तिच्यापेक्षा बुटकी घातली तर ती आत नाचते आणि पुन्हा गुंता सुरू.

अशा मशीनची मोटार सलग राबायला बनलेली नसते. दिवसाला तीन-चार साड्यांचा पिको ठीक, मध्ये थोडी विश्रांती देऊन. गिऱ्हाईकाच्या साड्यांचा गठ्ठाच येत असेल तर वेगळं पिको मशीन घ्या. जाड जीन्ससुद्धा याच्याकडून रोज करून घेऊ नका. आत कुठे ना कुठे प्लास्टिकचा भाग असतो. शिवाय तुमच्याकडे भारनियमन असेल तर पायडलला पर्याय नाही.

रोज सात-आठ ब्लाउज बाहेर पडत असतील तर गणित बदलतं. तेव्हा डायरेक्ट ड्राइव्हची (मोटार थेट शाफ्टला जोडलेली) कारखानी मशीनं बघा, जॅक, जुकी, ब्रदर या कंपन्यांची. घरच्या सिंगल फेजवर चालतात, पाय टेकला तरच मोटार फिरते, तेल आपोआप वर चढतं. जुन्या क्लच मोटारचं (जिची मोटार सारखी फिरत राहते असं) सेकंडहँड स्वस्त मिळतं, पण ते नुसतं बसलं तरी घोंघावत वीज खातं. टेबल जवळजवळ चार फूट लांब असतं, जिन्याचं वळण आधी मोजा. आणि झिगझॅग यातही नाही.

हातात मावणारी किंवा चार सेलवर चालणारी मिनी मशीनं शिलाईसाठी घेऊ नका. हातातली बरीचशी एका दोऱ्याची साखळी घालतात. टोक ओढलं की अख्खी शिवण उसवते. अमेरिकेतून कोणी मशीन आणून देतो म्हणालं तर मागची पट्टी वाचायला सांगा. तिकडचं १२० व्होल्टचं मशीन आपल्या २३० वर लावलं की मोटार जळते.

तुमच्या जागी मी आधी शटल-रिंग बदलून काळं मशीन सरळ शिलाई आणि पँटींसाठी ठेवेन, त्याच्या जोडीला दोन बटणांचं साधं ऑटोमॅटिक घेईन. कंपनी निवडताना एकच कसोटी: त्या मॉडेलचा माणूस तुमच्या तालुक्याला येतो का, की मशीन पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल? दुकानदाराला विचारू नका, गावातल्या दोन शिंप्यांना विचारा.

दुकानात जाताना पिशवीत स्वतःचे तुकडे न्या: रुबिया, जॉर्जेट, साडीचा काठ, जीन्सचा जोड असलेला पाय, आणि दोन रंगांचे दोरे. टाक्याची लांबी २.५ वर ठेवून शिवा आणि २० टाके मोजा. ते पाच सेंटिमीटरमध्ये बसले पाहिजेत. मग दोरा काढून कोऱ्या कागदावर चालवा, हात न लावता. भोकं एका रेषेत आणि सारख्या अंतरावर पडली तर दाते बरोबर आहेत. दुकानदार त्याच्याकडचं खळ घातलेलं दुहेरी सुती कापड पुढे करेल. त्यावर कुठलंही मशीन छानच शिवतं. तुम्ही जॉर्जेट काढा.